आधी तुकडा, मग तावदान

काचेच्या दुकानात नवशिक्याला पहिला धडा मिळतो तो काच न कापण्याचा. गिऱ्हाईक कपाटाच्या दारासाठी वीतभर काच मागायला आलं, की नवशिका सरळ मोठ्या तावदानाकडे धावतो आणि मालकाच्या शिव्या खातो. आधी मागच्या भिंतीशी लावलेले तुकडे बघायचे, त्यातला एखादा बसतो का पाहायचं, आणि नाहीच जमलं तर मोठ्या काचेवर कापायची हिरकणी फिरवायची. आधी तुकडा, मग तावदान. अशाच एका दुकानात काम करणाऱ्या मिस्त्रींनी हे तरुणपणी घोकलं आणि पुढे हाताखालच्या माणसांकडून घोकून घेतलं. हीच अक्कल एक दिवस स्वयंपाकघरात कामाला येणार आहे असं कुणी सांगितलं असतं, तर मिस्त्रींनी त्याला उचलून चौकटीत बसवलं असतं आणि काच पक्की करायची लांबी वरून भरली असती.

पण वेळ काही सांगून येत नाही. एका शोरूमची मोठी काच उतरवताना ती निसटली आणि त्यांच्या उजव्या हाताची शीर कापून गेली. टाके पडले, जखम भरली, पण बोटं काही पूर्वीसारखी मिटेनात. अर्धी मिटायची आणि तिथेच अडायची. अशा हातात काच देणं म्हणजे दुसरा अपघात बोलावून आणणं, हे मालकालाही कळत होतं आणि मिस्त्रींनाही. मालकाने चहा पाजला, दोन बरे शब्द सांगितले आणि घरी पाठवलं.

घर म्हणजे दोन खोल्या आणि एक अरुंद स्वयंपाकघर, ज्यात दोन माणसं उभी राहिली तर एकाला पोट आत ओढावं लागायचं. मिस्त्रींची बायको इस्पितळात नर्स. गल्लीत तिला सगळे सिस्टरच म्हणत, आणि आठवड्यातले निम्मे दिवस ती पाळीवरून आल्यावर बसल्या जागी झोपायची. मिस्त्रींची आई, वयाने थकलेली पण जिभेने नव्हे. तोंडात एक दात शिल्लक नव्हता, आणि बोलण्याची धार मात्र काच कापेल अशी. आणि लेक, जिला लहानपणापासून भिंगरी म्हणायचे, कारण ती कधी एका जागी थांबली नाही. भिंगरी नुकतीच कॉलेजात दात बनवायला शिकू लागली होती. दाताचा डॉक्टर तोंडाचं माप घेतो, आणि मग प्रयोगशाळेत बसून कवळी घडवणारं माणूस वेगळं असतं, ते काम. फी जबर होती आणि अजून बरीच भरायची बाकी होती.

हाताची चौकशी करायला रंगांच्या दुकानाचे मामा आले. मामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ, घरातलं मोठं माणूस. त्यांनी चौकशी थोडक्यात उरकली आणि मुद्द्याला हात घातला.

"पोरीला काढ त्या कॉलेजातून. माझ्या दुकानात गल्ल्यावर बसव. घराला हातभार लागेल आणि फीही वाचेल."

आईने मान डोलावली. सिस्टर खाली बघत राहिली. तिचा एकटीचा पगार किती आणि त्यात काय काय बसवायचं आहे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? भिंगरी दारात उभी होती. एरवी एका वाक्याला चार उत्तरं देणारी पोरगी, तेव्हा दाराच्या कडीशी चाळा करत होती. मिस्त्रींनी तिच्याकडे एकदाच पाहिलं.

"ती शिकणार," मिस्त्री म्हणाले. "घरखर्चाचं मी बघतो."

"तू बघतोस? काय बघतोस? कमाई तर..."

"कमाई नाही बघत, मामा. खर्च बघतो. उद्यापासून स्वयंपाकघर माझं. जे वाचेल ते फीला."

मामा हसले. "अरे, दात कोरून कुठे पोट भरतं का?" पोट भरत नाही हे खरं. पण मामा हे सांगत होते ते सिस्टरने केलेला चहा पिऊन, तिसरं बिस्किट उचलताना. बिस्किटांचा पुडा मिस्त्रींनी तेवढ्यात आत नेऊन ठेवला. काटकसरीला तिथूनच सुरुवात झाली म्हणायला हरकत नाही.

पहिल्या दिवसांची आठवण घरात आजही कुणी जेवताना काढत नाही. मिस्त्रींना एवढंच माहीत होतं की घरात रोज काही ना काही उरतं आणि फेकलं जातं. तेव्हा फेकायचं नाही, हे ठरलं. मग त्यांनी परवाचा भात, कालची डाळ, कोबीचे देठ, अर्धा टोमॅटो आणि कुणीतरी टाकलेला उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग असं सगळं एका पातेल्यात घातलं, पाणी ओतलं आणि शिजू दिलं. ताटात आलं ते राखाडी रंगाचं होतं आणि पळीला सोडायला तयार नव्हतं.

आईने बोटाने जरा ढकलून पाहिलं. "हे खायचं आहे की भिंतीच्या भेगा बुजवायच्या आहेत?"

"अहो, लांबी चांगली झाली आहे," सिस्टर गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "यात काच बसली तर वादळातही हलायची नाही."

भिंगरीने मात्र ताट पुसून खाल्लं. त्याचंच मिस्त्रींना फार वाईट वाटलं. हसली असती तर चाललं असतं.

त्या दिवशी भांडी घासता घासता त्यांना दुकानातली मागची भिंत आठवली. तुकडे तिथे ढिगाने पडलेले नसत. लाकडी खाचांत उभे असत, रुंद एकीकडे, निमुळते एकीकडे, नक्षीचे वेगळे. ढीग घातला की तो कचरा, उभा लावला की तोच माल. आपण नेमकं हेच विसरलो, सगळ्या तुकड्यांचा ढीग घातला! शिवाय दुसरी गोष्ट. सिस्टर उरलेलं स्टीलच्या डब्यात ठेवायची, वर झाकण. आत काय आहे हे डब्याला आणि देवाला ठाऊक. वास सुटेपर्यंत कुणाला पत्ता लागायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी फ्रिजमधला एकेक स्टीलचा डबा बाहेर काढला आणि घरातल्या, शेजारच्या, भंगारवाल्याकडच्या काचेच्या बरण्या गोळा केल्या. जॅमच्या, लोणच्याच्या, कॉफीच्या. उकळत्या पाण्यात धुतल्या आणि फ्रिजच्या वरच्या फळीवर रांगेत लावल्या. काचेच्या माणसाला काच बरोबर सापडते. आता दार उघडलं की सगळं समोर दिसे. भात इथे, डाळ तिथे, भाज्यांचे देठ आणि साली शेवटच्या मोठ्या बरणीत. नवी भाजी चिरायची म्हणून सुरी हातात घ्यायच्या आधी मिस्त्री फ्रिज उघडून उभे राहायचे, डोळे बारीक करून, जसे दुकानात खाचांपुढे राहत.

आणि मग हात बसला, तोही डावा. उरलेला भात उकडलेल्या बटाट्यात मळून, चपटे गोल करून, पाव वाळवून केलेल्या चुऱ्यात घोळवून तव्यावर खरपूस भाजला, तर तो भात आहे हे शपथ घेऊन सांगावं लागे. देठ आणि साली उकळून गाळलेलं पाणी रश्शाला असं अंग देई की मांसाची आठवण यावी. भोपळ्याची साल बारीक चिरून कुरकुरीत तळली जाई. कालच्या घट्ट डाळीत कांदा आणि अंडं फेटलं की सकाळच्या पोळ्याची सोय. मिस्त्रींचा एक दंडक होता. काल ताटात जे ज्या रूपात आलं, ते आज त्याच रूपात येता कामा नये. शिळं गरम करून वाढणं याला ते स्वयंपाक म्हणत नसत. "कापलेली काच तशीच विकली तर तो तुकडा," ते सिस्टरला सांगत. "कडा घासून, चौकटीत बसवून दिली तर तो आरसा." सिस्टर जांभई देत म्हणायची, "आरसेमहाल नंतर बांधा, आधी वाढा."

फीचा पहिला हप्ता वेळेवर गेला. मिस्त्री त्या दिवशी गल्लीतून असे चालले, जणू स्वतःच कॉलेज काढलंय.

पण माणूस एका मंत्राच्या फार आहारी गेला की मंत्रच त्याला गोत्यात आणतो. गल्लीच्या टोकाला बेकरी होती. रोज सकाळी मिस्त्री तिथून गरम पाव आणायचे. घरी येऊन बघायचे तर कालचा पाव शिल्लक. आधी तुकडा! मग कालचा पाव भाजून, भिजवून, तळून खाल्ला जाई आणि आजचा गरम पाव फडक्यात गुंडाळून फळीवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे किती महिने गेले कोण जाणे. एका सकाळी भिंगरी कडक पावाचा तुकडा चहात बुडवत म्हणाली,

"बाबा, एक विचारू? आपण रोज गरम पाव आणतो ना?"

"रोज. भट्टीतून निघाल्या निघाल्या."

"मग आपण तो खातो कधी?"

मिस्त्रींनी फळीवरच्या फडक्यात गुंडाळलेल्या पावाकडे पाहिलं. सिस्टरने कप खाली ठेवला. सगळ्यांत आधी आईच्या लक्षात आलं, आणि बोळक्या तोंडाने ती अशी हसली की ठसका लागला. "अरे, रोज ताज्याचे पैसे मोजून आम्हाला शिळं घालतोस होय! असला व्यापारी माझ्या पोटी कुठून आला?"

मिस्त्रींचा चेहरा पडला होता, पण तेही शेवटी हसले. उपाय तर शेंबड्या पोरालाही सुचेल असा होता. एक दिवस पाव आणायचाच नाही. आहे तो संपवायचा. त्याच्या पुढच्या सकाळी चौघं त्या अरुंद स्वयंपाकघरात पोटं आत ओढून उभी राहिली आणि हात भाजत गरम पाव नुसताच खाल्ला. एका दिवसाच्या पावाचे पैसे वाचले ते निराळेच.

अशी विनोदाची बाजू होती, आणि एक बोचणारीही होती. आईला मुलगा चुलीपाशी असलेला आवडत नव्हता. मुलाला ती यावरून काही बोलायची नाही, ताटातलं मुकाट खायची, पण बाहेर कुणी विचारलं की सांगायची, "सून करते सगळं, मुलगा जरा हाताखाली मदत करतो." एकदा महिनाअखेरीला मामा आणि मामी न सांगता जेवायच्या वेळेला येऊन टेकले. सिस्टर कामावर. बाजारातून आणावं असं हाताशी काही नव्हतं. मिस्त्रींनी फ्रिज उघडला, बरण्यांपुढे क्षणभर उभे राहिले आणि कंबर कसली. घटकाभरात ताटं वाढली. मामांनी भाताचे खरपूस गोल मागून मागून घेतले. रस्सा वाटीने प्यायले. बोटं चाटत म्हणाले, "ताई, सुनेच्या हाताला चव आहे हं."

"सकाळी सगळं करून गेली ती," आई म्हणाली. "हा फक्त गरम करतो."

मिस्त्री आत रश्शाची शेवटची वाटी भरत होते. कापलेल्या हातापेक्षा हे वाक्य जास्त लागलं त्यांना. बाहेर जाऊन सांगावं, मामा, तुम्ही ज्याला दात कोरणं म्हणालात तेच खाताय, असं जिभेवर आलं. पण आईला पाहुण्यांसमोर खोटं पाडायचं? त्यांनी वाटी नेऊन मामांपुढे ठेवली आणि वर विचारलं, "अजून आणू?" काम आपलं आणि नाव दुसऱ्याचं, ही गोष्ट गिळायला फार जड जाते. मिस्त्रींनी ती गिळली, कारण फीचा शेवटचा हप्ता अजून जायचा होता, आणि मानापमानाने बरण्या भरत नाहीत.

तो हप्ताही गेला. राहिली शेवटची परीक्षा. प्रत्येकाने खऱ्या माणसासाठी एक पूर्ण कवळी घडवायची आणि ती परीक्षकांसमोर त्या माणसाच्या तोंडात बसवून दाखवायची. भिंगरीला तोंड शोधायला लांब जावं लागलं नाही.

"माझ्या तोंडाचा तू खेळ करणार?" आजी म्हणाली.

"खेळ नाही, आजी. नापास झाले तर दोन वर्षं पाण्यात. तुझं तोंड मला हवंय."

आजी तयार झाली. दाताच्या डॉक्टरने माप घेतलं, आणि भिंगरी कित्येक दिवस मेण, साचे, घासणं, पुन्हा घासणं यातच होती. घरी यायची ती केसांत पांढरी पूड घेऊन. मिस्त्री तिच्या पानावर वाढायचे आणि विचारायचं टाळायचे. तिला सगळं ठीक जमतंय का, हे विचारायची त्यांची छाती होत नव्हती. इतका काळ एकेक देठ सांभाळला तो ज्याच्यासाठी, ते आता दोन जबड्यांच्या मधल्या केसभर अंतरावर येऊन ठेपलं होतं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आई स्वयंपाकघराच्या दाराशी आली. तिथे ती सहसा येत नसे.

"उद्या ते मला काहीतरी चावायला लावतील म्हणे. बाहेरचं काही नको मला. तूच दे करून. आणि मऊ नको. चांगलं कडक कर."

मिस्त्रींनी पावाच्या कडा काढल्या, साठवून वाळवलेल्या. त्यावर तेल, मीठ, तीळ आणि लसूण चोळून मंद आचेवर पुन्हा पुन्हा परतल्या, आतपर्यंत ठणठणीत होईतो. एक तुकडा ओट्यावर आपटून पाहिला. खणकन वाजला. मग मात्र त्यांना शंका आली. हे जरा जास्तच कडक झालं नाही ना? पोरीची दोन वर्षं, आणि आपण तिच्या कवळीखाली दगड ठेवतोय! सिस्टर म्हणाली, "अहो, पोरीवर विश्वास ठेवा," आणि स्वतःच डब्यात भरून दिलं.

परीक्षेची खोली मोठी आणि पांढरीस्वच्छ होती. एका बाजूला खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीत कुणाचे ना कुणाचे आजोबा, आजी, काका. घरच्या लोकांना दाराशी उभं राहायची परवानगी होती. मामाही आले होते. बहिणीला एकदम दात येणार ही बातमी त्यांच्याही कुतूहलाचा विषय झाली होती. परीक्षक चष्मेवाल्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. भिंगरीच्या आधीच्या मुलाच्या आजोबांनी सफरचंदाला दात लावले आणि वरची कवळी सफरचंदातच राहिली. कुणी हसलं नाही. मिस्त्रींनी दाराची चौकट घट्ट धरली.

भिंगरीने कवळी बसवली. हात तिचे स्थिर होते, कान मात्र लाल झाले होते. आजीने तोंड मिटलं, उघडलं. गालांना भर आली आणि चेहरा एकदम निराळा दिसायला लागला. परीक्षकांनी सफरचंदाची बशी पुढे केली.

"मी माझं आणलंय," आजी म्हणाली आणि पिशवीतून डबा काढला.

तिने सगळ्यात मोठा, सगळ्यात करपट तुकडा निवडला. म्हातारी हट्टी होतीच. दात लावले आणि दाबले. खोलीत कडकन आवाज झाला. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. पुन्हा उघडले तेव्हा आई चावत होती. कुर्रम कुर्रम, अगदी दारापर्यंत ऐकू येत होतं, आणि कवळी जागच्या जागी. परीक्षक वाकून सगळ्या बाजूंनी पाहत होत्या. आजीने घास गिळला आणि दुसरा तुकडा उचलला.

"सुंदर बसलीय," परीक्षक म्हणाल्या, आणि त्या कमी बोलणाऱ्या बाईंनी भिंगरीच्या पाठीवर हात ठेवला. "उत्तम काम. आजी, आणि हे काय खाताय? वास छान येतोय. सुनेने केलं?"

मामा दारातून म्हणाले, "सुनेच्या हाताला चवच आहे तशी."

आजी चावायची थांबली. तिने दाराकडे पाहिलं, मामांकडे, मग मुलाकडे.

"नाही," ती म्हणाली. नव्या दातांमुळे तिचा शब्द कधी नव्हे तो इतका स्पष्ट उमटला. "माझ्या मुलानं केलं. दोन वर्षं घरातलं सगळं तोच करतो. मी लोकांना सून करते म्हणून सांगायचे, मला लाज वाटायची. खोटं सांगायचे मी. हे आहे ना, हे पावाच्या टाकाऊ कडांचं आहे. असल्या टाकाऊतून त्यानं घर जेवू घातलं आणि या पोरीची फी भरली. तू जेवून गेलास ना त्या दिवशी बोटं चाटून," ती भावाला म्हणाली, "तेही त्याचंच होतं."

आजीने मामांपुढे डबा धरला. मामांनी निमूटपणे एक तुकडा घेतला. परीक्षकांनीही एक घेतला. भिंगरी बापाकडे बघून रडत होती आणि हसत होती, आणि सिस्टर इस्पितळाच्या कपड्यांतच तिथे उभी राहून डोळे पुसत होती. मिस्त्री दाराची चौकट सोडून सरळ उभे राहिले. आयुष्यात एवढ्या काचा बसवल्या, इमारतीच्या इमारती उजळल्या, पण असं ताठ उभं राहावंसं त्यांना कधी वाटलं नव्हतं. ते आईच्या खुर्चीपाशी गेले आणि सुचलं ते बोलले.

"आई, जरा हळू चाव. दात नवे आहेत."

"माझ्या नातीनं केलेत," आई म्हणाली आणि तिसरा तुकडा तोंडात टाकला. "तुझ्या जिवावर. मोडायचे नाहीत."